जुन्या खेळयंत्राचा जीर्णोद्धार

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून काही श्रोत्यांच्या भुवया उंचावल्या असतील. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, राज्यघटना, शेती अशा विषयांची चर्चा व्हायची, तेथे मुलांच्या खेळाच्या एका पेटीवर तासभर बोलायचे म्हणजे काय, असा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर एवढेच की, विषय दिसायला लहान असला तरी त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. जुनी वस्तू मोडकळीस आली, तिचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले आणि नवे साहित्य मात्र स्वस्त व मुबलक मिळू लागले, म्हणजे त्या वस्तूत काय बदलावे आणि काय बदलू नये?

हा प्रश्न आपल्या कोकणाला नवा नाही. गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार होतात. कौले उतरून स्लॅब पडते, कोरीव लाकडी खांब जाऊन सिमेंटचे खांब येतात, भिंतींना चकचकीत लाद्या बसतात. देऊळ गळायचे थांबते, ही गोष्ट खरी. पण पुढे एखाद्या एकादशीला भजनाला बसले म्हणजे ध्यानात येते की, पूर्वी लाकडात आणि कौलात मुरणारा आवाज आता स्लॅबवर आणि लाद्यांवर आपटून परत येतो, आणि शब्द शब्दावर आदळतो. देऊळ नवे झाले, पण भजन मात्र हरवले. ते हरवावे असे कोणाच्याच मनात नव्हते. भजन त्या लाकडात होते, हे कोणी विचारातच घेतले नव्हते. आजचा विषय नेमका हा आहे. फक्त देवळाऐवजी एक खेळाची पेटी आपण समोर ठेवू.

पेटी कसली?

१९८० आणि १९९० च्या दशकांत मुंबई-पुण्यापासून लहान शहरांपर्यंत व्हिडिओ गेम पार्लर नावाची दुकाने निघाली होती. पुरुषभर उंचीची लाकडी पेटी, तिच्या तोंडाशी काच, काचेआड टीव्हीसारखा पडदा, खाली एक दांडा आणि दोन-चार बटणे. फटीत नाणे टाकले की खेळ सुरू. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कित्येकांनी घरून सामान आणायला दिलेल्या पैशांतला रुपया तेथे घालवला असेल, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली असतील!

या यंत्रांचे सुरुवातीचे पूर्वज शोधू गेल्यास १९७२ साली अमेरिकेत ॲलन अल्कॉर्न या अभियंत्याने अटारी कंपनीसाठी बनवलेल्या ‘पाँग’ या खेळापाशी आपण पोचतो. पडद्यावर एक ठिपका, दोन बाजूंस दोन रेघा, आणि ठिपका परतवीत राहायचे. टेबल टेनिसच म्हणा ना. या यंत्रात संगणक नव्हता आणि लिहिलेली आज्ञावलीही नव्हती. सारा खेळ तारांच्या आणि तर्कमंडलांच्या जोडणीत होता. म्हणून ‘पाँग’ची आज्ञावली उतरवून घेऊ म्हटले, तर उतरवून घेण्यासारखे तेथे काही नाहीच. बोर्ड हाच खेळ. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचा उपयोग होणार आहे.

पण प्रकाश, चित्र आणि ध्वनी यांचा मेळ घालून पैसे देऊन पाहायचा खेळ, ही कल्पना मात्र आपल्याला परकी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचांवर हातांनी रंगवलेली चित्रे दिव्यासमोरून झपाट्याने बदलायची, तोंडाने संवाद म्हणायचे, साथीला गायन-वादन, आणि पडद्यावरची पात्रे हलतात असा भास. आता कोणी तो खेळ पुन्हा उभा करायचा ठरवले, तर जुन्या दिव्याच्या जागी विजेचा दिवा लावणे शहाणपणाचेच होईल. रंगवलेल्या काचा तरी तापणार नाहीत. पण काचा बदलणारा हात काढून तेथे मोटर बसवली, तर? बोलणाऱ्याचा शब्द आणि काच सरकवणाऱ्याचा हात यांची गाठ सुटेल. दिवा बदलला तरी खेळ राहतो, पण हात बदलला की खेळ बदलतो.

एक यंत्र, नीट पाहिलेले

उदाहरणादाखल एकच यंत्र घेऊ. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ बाजारात आणला. तो तोमोहिरो निशिकादो या गृहस्थांनी रचला, आणि खेळाबरोबर त्याचे विद्युत्-मंडलही त्यांनीच तयार केले. अमेरिकेत तो शिकागोच्या मिडवे कंपनीने काढला. आकाशातून परग्रहावरील सैन्याच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेत अकरा, म्हणजे एकंदर ५५ शत्रू, डावीउजवीकडे सरकत हळूहळू खाली उतरतात. खाली आपली एक तोफ. ते जमिनीला टेकण्यापूर्वी त्यांना टिपायचे.

यंत्राच्या पोटात इंटेल कंपनीची ८०८० ही चकती होती. आज खिशातल्या फोनमध्ये जी शक्ती असते तिच्यापुढे हिची शक्ती म्हणजे समुद्रापुढे ओंजळ. सारी आज्ञावली ८ किलोबाइटांत बसवलेली. पडद्यावर २५६ गुणिले २२४ ठिपके. प्रत्येक ठिपका पांढरा की काळा, एवढेच लक्षात ठेवायला बरोबर ७ किलोबाइट जागा लागते. एवढ्या तुटपुंज्या बळावर ५५ शत्रू एकदम हलवणे त्या यंत्राला झेपत नव्हते. म्हणून पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रंगवला जातो, त्या प्रत्येक वेळी एकच शत्रू पुढे सरकवायचा, असा क्रम ठेवलेला होता.

आता हिशेब करून पाहा. ५५ शत्रू जिवंत असताना सगळ्यांची एक पाळी पुरी व्हायला ५५ भागिले ६०, म्हणजे सुमारे नऊ-दशांश सेकंद लागतो. पाळी सावकाश फिरते. सैन्य संथ चालते. दहाच उरले की पाळी सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात पुरी होते. आणि शेवटचा एकटा उरला की दर वेळी त्याचीच पाळी, मग तो वेड्यासारखा धावत सुटतो. शत्रू कमी होतील तसा खेळ कठीण होत जातो, खेळणाऱ्याचा श्वास वर चढतो. हा परिणाम अगोदर योजलेला नव्हता, तो यंत्राच्या दुबळेपणातून निघाला. निशिकादोंनी तो पाहिला, त्यातली गंमत ओळखली आणि तसाच राहू दिला. यंत्राची उणीव हाच खेळाचा प्राण ठरला.

ध्वनीचीही तीच कथा. चार उतरते खर्जातले स्वर एकामागून एक वाजत राहतात, आणि शत्रू कमी होतात तशी त्यांची लय चढते. आपल्याकडे भजनाच्या शेवटी गजर धरला म्हणजे मृदंगाची लय जशी चढत जाते आणि बसलेला माणूसही नकळत डोलू लागतो, त्याच जातीचा हा परिणाम.

आणि प्रकाश? मूळ पडदा कृष्णधवल होता. रंग दिसत, ते पडद्यासमोर चिकटवलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांचे. नाटकाच्या दिव्यांपुढे आपण जिलेटिन लावतो ना, तोच प्रकार. मिडवेच्या उभ्या पेटीत तर याहून मौज होती. पिक्चर ट्यूब समोर नसून आत आडवी ठेवलेली. तिचे प्रतिबिंब अर्धवट पारा चढवलेल्या काचेत दिसायचे. आणि काचेच्या मागे चंद्राचा रंगवलेला देखावा अतिनील नळीच्या प्रकाशात उजळायचा. खेळणाऱ्याला वाटे, शत्रू त्या चंद्रावर तरंगताहेत. रंगभूमीवर भूत दाखवण्याची काचेची युक्ती एकोणिसाव्या शतकापासून युरोपात प्रसिद्ध होती. तीच येथे रुपयाच्या खेळात उतरली.

दुरुस्तीला बसताना

आता समजा, असे एखादे यंत्र चाळीस-पंचेचाळीस वर्षे कोठल्याशा गोदामात पडून आपल्या हाती आले. पहिला नियम हा की, त्याची पिन भिंतीत खोचू नये. उत्साहाच्या भरात माणूस हेच आधी करतो, आणि जे शाबूत होते तेही जळून जाते. अमेरिकेतले यंत्र ११५ व्होल्टचे, जपानचे १०० व्होल्टचे, आणि आपली वीज २३० व्होल्टची. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच. शिवाय जुन्या वीजपुरवठ्यातले मोठे कंडेन्सर आतून सुकलेले असतात. ८०८० ला अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ असे तीन वेगवेगळे दाब लागतात. त्यांतला एक जरी बिघडला तरी चकती प्राणास मुकते. म्हणून बोर्ड सोडवून बाजूला ठेवावा, पुरवठा एकटा चालवून मीटरने मोजावा, आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

या ठिकाणी नवे साहित्य खुशाल वापरावे. जुना, तापणारा, जड वीजपुरवठा काढून नवा स्विचिंग पुरवठा बसवला तर खेळात तिळमात्र फरक पडत नाही, उलट बोर्डाचे आयुष्य वाढते. खरोलिकेचा दिवा बदलण्यासारखेच हे आहे. मात्र जुना पुरवठा फेकू नये; त्यावर चिठ्ठी बांधून पेटीच्या तळाशी ठेवावा. पुढच्या माणसाला मूळ रचना कळायला दुसरा मार्ग नसतो.

यानंतर बोर्ड. ज्या यंत्रांत आज्ञावली खिडकीच्या चकत्यांत, म्हणजे इप्रॉममध्ये साठवलेली असते, तेथे अक्षरे ही विजेच्या अडकवून ठेवलेल्या भाराच्या रूपात असतात. हा भार वर्षानुवर्षे किंचित झिरपत राहतो. खिडकीवरची चिकटपट्टी निघाली आणि ऊन लागत राहिले तर अधिकच. म्हणून पहिले काम म्हणजे त्यांतला मजकूर वाचून उतरवून घेणे आणि चांगल्या प्रतीशी ताडून पाहणे. जुनी पोथी वाळवीने खाण्यापूर्वी तिची नक्कल करून ठेवतात, तसेच हे. मग सॉकेटमधले काळवंडलेले पाय साफ करणे, सुटलेला डाख पुन्हा लावणे, गेलेल्या स्मृती-चकत्या बदलणे. कष्टाचे, पण सरळ काम.

पिक्चर ट्यूबपाशी मात्र दोन इशारे. तिच्यावर दहा हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असतो, आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ आत टिकून राहतो. टीव्हीच्या जाणत्या कारागिराखेरीज कोणी तेथे हात घालू नये. दुसरा इशारा असा की, ही ट्यूब एकदा फुटली की फुटली. ती बनवणारे मोठे कारखाने जगभर बंद झाले आहेत, आणि तिचे रोग जाणणारे कारागीरही वयाने थकत चालले आहेत. आपल्याच शहरात जुने टीव्ही दुरुस्त केलेली मंडळी असतील. त्यांच्या बोटांतले ज्ञान कोणत्याही पुस्तकात पुरते उतरलेले नाही. ते आहेत तोवर त्यांच्याशेजारी एखादा मुलगा-मुलगी शिकायला बसली पाहिजे. सुट्या भागांच्या टंचाईपेक्षा ही टंचाई मला अधिक काळजीची वाटते.

ट्यूब मेलीच तर सपाट एलसीडी पडदा बसवता येतो. चित्र दिसते, स्वच्छही दिसते. पण जुनी ट्यूब चित्राचा संदेश येईल तसतशी ओळीमागून ओळ रंगवीत जाई. अनेक नवे पडदे आधी सारे चित्र साठवतात, त्यावर संस्कार करतात आणि मग दाखवतात. हा उशीर सेकंदाच्या काही शतांशांचा असतो. एवढ्याने काय होते, असे कोणी म्हणेल. नमनातल्या नाचणाऱ्याला विचारा. मृदंगाची थाप आणि पाऊल यांत तेवढे अंतर पडले की बघणाराला कारण सांगता येत नाही, पण काही तरी चुकते आहे हे कळते. म्हणून पडदा निवडताना चकाकी नव्हे, उशीर पाहावा. आणि आरशाच्या पेटीत बसवायचा असेल, तर चित्र उलटे करून घ्यायला विसरू नये, नाहीतर गुणांचे आकडे उलटे वाचावे लागतील.

दिव्यांचे त्यामानाने सोपे. वरच्या पाटीमागची जुनी नळी काढून एलईडी पट्टी लावली तर वीज वाचते, उष्णता घटते, रंगवलेली काच टिकते. पण उजेड अधिक मिळतो म्हणून तो अधिक लावावा, असे नाही. काचेतला चंद्र मंद होता म्हणूनच पुढचे शत्रू तरंगत होते. तेथे लखलखाट केला की युक्ती उघडी पडते. शिवाय अतिनील प्रकाश रंग उडवतो; म्हणून खेळ बंद असताना तो दिवाही बंद असावा.

ध्वनीमध्ये मोह सर्वांत मोठा. जुना कागदी कोनाचा स्पीकर दमटाने कुजलेला असतो, तो बदलावाच. नवा अँप्लिफायरही चालेल. पण मूळ आवाज निर्माण करणारे मंडल काढून टाकून ध्वनिमुद्रित आवाज वाजवायचे, हा निराळा प्रकार झाला. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधली उडत्या तबकडीची शीळ टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एक चकती त्या क्षणी घडवीत असे, आणि बाकीचे बरेच आवाज साध्या सुट्या भागांच्या मंडलांतून निघत. ती चकती आता सहज मिळत नाही, म्हणून नाइलाजाने मुद्रित आवाज वापरला तर दोष नाही. पण नाइलाज नसताना वापरू नये, आणि वापरला तर तसे पेटीवर लिहावे.

तीन वाटा

सारांश, आपल्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, मूळ बोर्ड दुरुस्त करणे. दुसरी, एफपीजीए नावाच्या चकतीचा उपयोग करणे. हिच्या आतली तर्कमंडले आपल्याला हवी तशी जोडून घेता येतात, म्हणजे जुन्या बोर्डाचा जणू नवा साचा पाडता येतो. ज्या ‘पाँग’मध्ये आज्ञावलीच नव्हती, त्याची जोडणीही अशी पुन्हा उभी करता येते. तिसरी वाट, लहानसा संगणक बसवून त्याच्याकडून जुन्या यंत्राची नक्कल करवून घेणे. यासाठी निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थांनी १९९७ साली ‘मेम’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली, आणि पुढे अनेकांच्या श्रमांनी ती वाढली. हजारो खेळांची अंतर्गत रचना तीमुळे नोंदली गेली, हे तिचे उपकार. मात्र खेळांचे हक्क पुष्कळदा अजून मूळ कंपन्यांकडे असतात, हेही ध्यानात असावे.

या तिन्हींत उच्चनीच ठरवण्याची घाई नको. साचा असो की नक्कल, ती मूळ गतीशी इमान राखते का, एवढेच विचारावे. कोणी हौशी माणूस तोच खेळ नव्या संगणकासाठी नव्याने लिहू लागला, तर साहजिकच सारे ५५ शत्रू एकदम हलवील. यंत्राला ते सहज झेपते. चित्र गुळगुळीत होईल, पण शत्रू मरतील तशी चढणारी लय नाहीशी होईल. दुबळेपणा दूर करण्याच्या नादात प्राणच दूर केला, असे त्याचे होईल. देवळातल्या भजनाचे झाले तेच!

आपल्या हवेत

रत्नागिरीच्या श्रोत्यांसाठी दोन शब्द आपल्या हवेविषयी. खारा वारा आणि दमटपणा यांनी तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो, तसाच तो बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांवरही चढतो. काही यंत्रांत गुण लक्षात ठेवायला बॅटरी बसवलेली असते. ती पाझरली की आसपासचे तांबे खाऊन टाकते, म्हणून ती आधी काढावी. कल्हईशिवाय पितळेचे भांडे आपण वापरीत नाही; तसे साफ केलेल्या बोर्डावर संरक्षक लाखेचा पातळ हात द्यावा. पेटी प्लायवूडची असते आणि वाळवीला ती प्रिय असते. ती भिंतीपासून आणि जमिनीपासून सुटी ठेवावी. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पावसाळ्यात वीज येते-जाते, तेव्हा स्टॅबिलायझर असावा आणि गडगडाट सुरू होताच पिन काढावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आठवड्यातून एकदा तरी खेळ चालू करावा. यंत्राला ऊब मिळते, दमट निघून जातो. बंद घर जसे लवकर पडते, तसे न खेळलेले यंत्रही लवकर मरते.

एवढे सारे ऐकल्यावर जीर्णोद्धार करणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे मी सुचवतो. मी जे बदलतो आहे ते यंत्राला केवळ बळ पुरवणारे आहे, की त्याची लय राखणारे? बळ पुरवणारे असेल तर निर्धास्त बदलावे. मी केलेला बदल पुढचा माणूस उलटवू शकेल का? कॅबिनेटला नवे भोक पाडण्यापूर्वी जुन्याच भोकात स्क्रू बसतो का ते पाहावे. आणि मी काय केले, ते मी लिहून ठेवले आहे का? तारीख, काढलेला भाग, घातलेला भाग. एक वही पेटीतच ठेवावी.

हे तीन प्रश्न खेळाच्या पेटीपुरते नाहीत. आजोबांची बाजाची पेटी भात्यासकट दुरुस्तीला देताना, घराचा चिऱ्याचा चौथरा उकरताना, गावच्या देवळाची सभा भरली असताना, प्रत्येक वेळी कोणी तरी एकाने उठून ते विचारले पाहिजेत. लोक थोडे चिडतील. पण उद्या एकादशीला भजन जेव्हा पूर्वीसारखे घुमेल, तेव्हा ते कोणाच्या प्रश्नामुळे वाचले हे आठवण्याची कोणाला गरजही पडणार नाही.